तूच खण, रोझलिंड

आम्ही इंग्लंडमधलं हल शहर सोडून समुद्रकाठच्या ऑल्डथॉर्पला राहायला आलो, त्याच आठवड्यात गावच्या दुकानातल्या जीनेटने मला सांगितलं की कचऱ्याचा डबा मंगळवारी सकाळी बाहेर ठेवायचा, आणि शेजारी एव्हरिल मेडफोर्थ राहते, तेव्हा दागिने उघड्यावर टाकू नकोस. दोन्ही गोष्टी एका दमात, अंडी पिशवीत भरता भरता.

त्याच संध्याकाळी आमच्या दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून एव्हरिलने रुबार्बच्या आंबट लाल देठांची एक जुडी पुढे केली. म्हणाली, "जीनेटने सांगितलंच असेल."

"काय?" मी म्हटलं.

"मी चोर आहे ते. देठं सोलू नकोस, कोवळी आहेत."

तेव्हा ती साठीला टेकली होती. हाडापेराने मजबूत, केस स्वतःच्याच कात्रीने कापलेले, डोळे फिकट निळे आणि समोरच्यावरून न हलणारे. त्याआधी वीसेक वर्षं ती कौन्सिलच्या नोकरीत होती. सकाळी सायकलवरून घरोघरी जायचं, म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, लापशी भरवायची, गोळ्या द्यायच्या. अर्ध्या गावाच्या आयांना तिने अंघोळ घातली होती.

त्यातलीच एक ॲडा स्टॅमर. चर्चमागच्या मोठ्या विटांच्या घरात राहायची. बाईचं डोकं हळूहळू विझत चाललं होतं, पण स्वभाव गोड. एव्हरिलला ती "ती मुलगी" म्हणायची, कारण नाव राहत नसे. सोमवार ते शनिवार एव्हरिल जायची. रविवार ॲडाच्या मुलीचा, रोझलिंडचा. रोझलिंड प्रिकेट म्हणजे गावातली वजनदार बाई. समुद्राकडच्या कड्यावरची कॅराव्हॅनची, म्हणजे सुटीत राहायच्या चाकांवरच्या घरांची, वसाहत तिची, उन्हाळ्यातल्या जत्रेची समिती तिची, चर्चमध्ये कुणी कोणती फुलं आणायची तेही तीच ठरवणार.

एका नोव्हेंबरात ॲडाच्या बोटातली नीलमाची अंगठी नाहीशी झाली. नवऱ्याने साखरपुड्याला घातलेली. ती नाही हे पहिल्यांदा एव्हरिलच्याच लक्षात आलं, सोमवारी सकाळी हात धुताना. तिने लगेच रोझलिंडला फोन केला.

"मिसेस प्रिकेट, तुमच्या आईंच्या नखांत माती आहे. काल त्या बागेत गेल्या असणार. अंगठी सैल झालीच होती. बागेत बघा."

"आई खुर्चीतून उठत नाही," रोझलिंड म्हणाली. "आणि काल रविवार होता. मी होते घरात."

ती नव्हती. रविवारी आईला नाश्ता द्यायचा, टीव्ही लावायचा आणि कॅराव्हॅनच्या ऑफिसात जाऊन बसायचं, असा तिचा रविवार असे. वसाहतीत कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या रांगेत उभी राहून रोझलिंड म्हणाली, "माझ्या आईच्या बोटातली अंगठी हवेत विरघळली म्हणे. आणि घरात येणारं बाहेरचं माणूस एकच." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मग तेच केस कापून घेताना सांगितलं, तेच चर्चमध्ये फुलं लावताना. गावचा पोलीस शिपाई डनिंग एव्हरिलच्या घरी आला. त्याने ड्रॉवर उपसले, गाद्या उचलल्या, बाही वर करून पिठाच्या डब्यात हात घातला. काही मिळालं नाही, खटला झाला नाही. कौन्सिलने तिला "सध्यापुरतं" घरी बसायला सांगितलं आणि ते सध्यापुरतं कधी संपलंच नाही. त्या हिवाळ्यात ॲडा गेली. शेवटचे दिवस ती "ती मुलगी कुठे गेली" असं विचारत होती, हे एव्हरिलला नव्या बाईकडून कळलं. दफनाच्या दिवशी ती चर्चच्या फाटकाबाहेर उभी राहिली. आत जायला कुणी मना केलं नव्हतं. पण सगळ्यांनी वळून पाहिलं असतं.

हे सगळं तिने मला भिंतीवर कोपरं टेकून सांगितलं, थोडं थोडं करत, काही वर्षांत मिळून. आवाज कधी चढला नाही. फक्त एक गोष्ट सांगताना ती दुसरीकडे बघायची.

तिचा नवरा नॉर्मन गॅस टर्मिनलवर वेल्डर होता. शांत माणूस. डनिंग येऊन गेला त्या आठवड्यात जेवताना त्याने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "एव्हरिल, तू घेतली नाहीस ना?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. त्याचं ताट उचललं, धुतलं. त्याने परत विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चार वर्षं एका पलंगावर झोपलो आणि एक दिवस टर्मिनलच्या गाडीतळावर तो कोसळला." तिने भिंतीवरची माती झटकली. "त्याला मी माफ केलं नाही. पण त्याच्या तोंडात तो प्रश्न कुणी घातला ते मला माहीत आहे."

नॉर्मन असतानाच तिने धातू शोधायचं एक यंत्र घेतलं होतं, जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका म्हाताऱ्याकडून. लांब दांडा, खाली ताटलीसारखं चक्र, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की वाजतं. शोधायचं एकच होतं. ॲडाच्या चाकांच्या खुर्चीने जिथे जिथे वाट तुडवली असेल तिथे तिथे एव्हरिलने ते चक्र फिरवलं. चर्चची पायवाट, समुद्राकडचा बाक, दुकानामागचं गवत. राहिली होती ती फक्त बाग, आणि तिला पहिल्यापासून ठाऊक होतं की अंगठी बागेतच आहे.

ती एकदा फाटकाशी जाऊन उभी राहिली. "मिसेस प्रिकेट, मला एक दिवस द्या. तुम्ही स्वतः बाजूला उभ्या राहा."

रोझलिंडने फाटकाची कडी सोडलीच नाही. "म्हणजे आता तू ती पुरणार आणि तूच काढून दाखवणार. तेवढीही अक्कल नाही असं वाटलं का मला?"

ते वाक्य एव्हरिलने जपून ठेवलं.

यंत्र हातात होतं, कान तयार झाले होते. समुद्रकिनाऱ्यावर एका उन्हाळ्यात लीड्सच्या एका माणसाची लग्नाची अंगठी वाळूत गेली, ती तिने भरतीच्या आधी काढून दिली. मग लोक बोलवू लागले. शेतकऱ्याचा सोन्याचा दात बीटच्या शेतात. कानाचं यंत्र गवताच्या गंजीत. आमच्या इकडे कडे चिकणमातीचे, दर हिवाळ्यात ढासळतात. एकदा तर कड्याबरोबर खाली गेलेल्या कॅराव्हॅनमधून एका बाईच्या मेलेल्या मुलाचं लष्करातलं पदक तिने चिखलातून काढलं. पैसे कधी घेतले नाहीत. मला वाटायचं, केवढं मन आहे हिचं.

एकदा तसं बोलले. ती हसली.

"मन कसलं गं. लोक घरी जाऊन सांगतात, ऑल्डथॉर्पच्या एव्हरिलने अंगठी परत दिली. 'परत दिली.' हे दोन शब्द मला या गावात फिरायला हवेत. तिच्या कानापर्यंत, रोज."

सापडलेली प्रत्येक वस्तू तळहातावर ठेवून ती फोटो काढायची आणि दुकानाच्या सूचनाफलकावर टाचायची. रोझलिंड पेपर घ्यायला तिथेच येत असे. जीनेट ते फोटो काढायची नाही, त्यांवर बोलायचीही नाही. आणि तरी गावात कुणाचं काही हरवलं की एव्हरिलला बोलवायचे आणि ती अंगणात असेपर्यंत स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायचे. हेही तिला माहीत होतं.

"मी तिच्या मरणाची वाट बघत नाही," ती एकदा म्हणाली. "उलट मला तिची तब्येत चांगली हवी. मध्येच मेली तर माझं काम अर्धवट राहील."

अंगठी हरवल्यापासून अशी तेरा वर्षं गेली.

ऑगस्टच्या शेवटच्या सुटीत रोझलिंडच्या मुलाने, गॅरेथने, आईच्या बागेत मित्रमंडळींना सॉसेजं भाजून घातली. त्याची नवी बायको टॅमसिन लँकेस्टरची. लग्नाला चार महिने झालेले. कुत्र्याला चेंडू फेकता फेकता तिची लग्नाची अंगठी बोटातून उडाली. सगळे गुडघ्यांवर बसून गवत चिवडत राहिले, मिळाली नाही. रात्री तिने कुणालातरी विचारलं आणि त्या माणसाने एव्हरिलचा नंबर दिला. तिला मागचं काही माहीत नव्हतं, आणि सासूला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

फोन ठेवल्यावर एव्हरिल भिंतीशी आली.  

"फाटक उघडलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा काय झालं हे तिनेच सांगितलं. टॅमसिनने धावत येऊन दार उघडलं. मागे रोझलिंड, हातात चहाची किटली. सुनेसमोर काही बोलता येईना. टॅमसिन आत वळल्यावर हळूच म्हणाली, "तू इथे कशाला?"

"मला बोलावलंय, मिसेस प्रिकेट."

"मी नाही बोलावलं."

"मग सांगा त्या पोरीला. सांगा की मला घरात का घेत नाही. मी थांबते."

रोझलिंड दारातून बाजूला झाली. एव्हरिल बागेत गेली, हेडफोन चढवले आणि चेंडू कुठून फेकला, कुत्रा कुठे होता ते टॅमसिनला विचारून घेतलं. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली यंत्र वाजलं. तिने गुडघे टेकले, गाजराएवढं एक छोटं यंत्र असतं ते मातीला लावलं, बोटांनी गवत बाजूला केलं. अंगठी मुळांशी उभी रुतून बसली होती. सोनं चमकलं.

एव्हरिलने गवत परत सारखं केलं, त्यावर हात दाबला आणि उठली.

"बाग मोठी आहे," ती टॅमसिनला म्हणाली. "वेळ लागेल."

मला हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी म्हटलं, "अगं, ती पोर रडत असेल."

"रडते आहे. तिचा नवरा तिच्याशी भांडतोय. सासू म्हणते, एवढी सैल होती तर घालायची कशाला. सगळं ऐकू येतं मला बागेत."

"आणि तरी?"

"आणि तरी," एव्हरिल म्हणाली.

रोज सकाळी ती जायची आणि दिवसभर बाग विंचरायची, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत. रोझलिंड स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. यंत्र वाजलं की एव्हरिल खणायची. खिळे निघाले, बाटल्यांची झाकणं, एका खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक. जे निघेल ते ती खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवायची, रोझलिंडच्या नाकासमोर. हिरवळीत चौकोनी ठिगळं दिसायला लागली.

"माझं लॉन खराब होतंय," रोझलिंड बाहेर येऊन म्हणाली.

"बसवलेत तुकडे परत. पाणी घाला, धरतील."

"अजून किती दिवस?"

"सापडेपर्यंत, मिसेस प्रिकेट. तुमच्या सुनेचं सोनं आहे. मधेच सोडून गेले तर लोक म्हणतील, खिशात घालून गेली."

चहा मात्र रोझलिंडला द्यावा लागे, कारण टॅमसिन द्यायला सांगे. एव्हरिल तो बाकावर बसून सावकाश प्यायची. थंड झाला तरी शेवटच्या घोटापर्यंत.

चौथ्या दिवशी दुपारी ती घाईने माझ्याकडे आली. हात कोपरापर्यंत मातीचे. "चल. फोन घे. त्यात चित्रीकरण करता येतं ना तुला?"

आम्ही गेलो तेव्हा तिने सगळ्यांना बागेत बोलावलं. गॅरेथ, टॅमसिन, रोझलिंड. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून एक जुना गुलाब आहे, खोड मनगटाएवढं. एव्हरिलने त्याच्या बुंध्याशी चक्र नेलं. यंत्र गोड, बारीक आवाजात वाजलं. हेडफोन काढून ठेवले होते, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"इथे," ती म्हणाली.

टॅमसिनचा चेहरा पडला. "पण मी इकडे आलेच नव्हते."

"खण ना मग, वाट कसली बघतेस," रोझलिंड म्हणाली.

"मी नाही खणणार. मी खणलं तर म्हणशील मीच पुरली." एव्हरिलने खुरपं तिच्यापुढे धरलं. "तूच खण, रोझलिंड."

इतकी वर्षं ती तिला मिसेस प्रिकेट म्हणत आली होती. रोझलिंडने तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी तिला सगळं कळलं. गॅरेथ खुरपं घ्यायला पुढे झाला.

"तू नको," एव्हरिल म्हणाली. "आईला दे."

रोझलिंड मलईच्या रंगाची पँट घालून होती. ती मातीत गुडघ्यांवर बसली आणि खरवडायला लागली. मी फोनवर चित्रीकरण करत होते. खाली माती सैल होती, एव्हरिलने आधीच हात घालून बघून ती परत लोटली होती. वीतभर खाली गुलाबाच्या मुळ्या आल्या. त्यातल्या एका मुळीला काहीतरी अडकलं होतं. रोझलिंडने अंगठ्याने माती पुसली. निळा खडा दिसला. मूळ अंगठीतून आरपार गेलं होतं आणि दोन्ही बाजूंना फुगून जाड झालं होतं, कमरेला पट्टा आवळावा तसं. ती अंगठी ओढून निघण्यातली नव्हती, मूळच कापावं लागणार होतं. ती हल्ली कुणी पुरली असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

गॅरेथ खाली वाकला. "ही आजीची आहे."

त्याने वर गुलाबाच्या खोडाकडे पाहिलं.

"हा गुलाब आजीने लावला? कधी?" त्याने विचारलं.

"त्या नोव्हेंबरात," एव्हरिल म्हणाली. "रविवारी. सोमवारी मी त्यांची नखं धुतली."

"रविवारी तर आई, तू असायचीस."

रोझलिंड मातीकडेच बघत होती. "वसाहतीत काम असायचं. तासाभरासाठी जायचे मी."

"तासाभरात ऐंशी वर्षांची बाई खुर्चीतून उठते, शेडमधून कुदळ आणते, खड्डा करते, रोप लावते आणि परत खुर्चीत येऊन बसते," एव्हरिल म्हणाली. "थंडीत. एकटी. बरं, ते जाऊ दे. वसंतात या काटकीला पालवी फुटली, तेव्हा तुला काय वाटलं रोझलिंड? कुणी लावली असेल असं वाटलं?"

 माळ्याने लावली असेल, एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. ती तेही म्हणाली नाही. गॅरेथ आईकडे बघत राहिला आणि मग त्याने नजर काढून घेतली.

एव्हरिल कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गेली, वाकली, गवताचा एक चिमूटभर तुकडा उचलला आणि टॅमसिनची अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. न शोधता. सरळ जाऊन.

टॅमसिनने अंगठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाला माहीत होतं. कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी चार दिवस..." तिने अंगठी मुठीत घट्ट धरली. "मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही, बाळा," एव्हरिल म्हणाली.

टॅमसिन घरात निघून गेली. दार आपटलं नाही, पण लावून घेतलं.

रोझलिंड उठून उभी राहिली. गुडघ्यांवर मातीचे दोन गोल. "तुला काय हवंय?" तिने विचारलं. "सांग. मी द्यायला तयार आहे."

"तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना परत सांगायचं. तिथेच जाऊन. मी बरोबर असेन."

"मी पत्रक लावते. फलकावर, माझ्या सहीनं."

"तेव्हा पत्रक लावलं होतंस?"

"आणि नाही गेले तर?"

"तर मी सांगेन. आणि मी त्या रविवारपासून सुरुवात करेन, तू आईला एकटं टाकून गेलीस तिथून."

"आई, जा," गॅरेथ म्हणाला. आईकडे न बघता.

रोझलिंडला कपडे बदलायचे होते. एव्हरिलने ते करू दिलं नाही. रोझलिंडची गाडी, एव्हरिल तिच्या शेजारी, मी मागे. एव्हरिलच्या मांडीवर एका बशीत तो मुळाचा कापलेला तुकडा, अंगठीसकट.

दुकानात पेन्शन मिळायचा दिवस होता, म्हणजे रांग दारापर्यंत. रोझलिंड काउंटरशी जाऊन जीनेटला काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने," एव्हरिल मागून म्हणाली. "त्या दिवशी ब्रेडच्या फळीपर्यंत ऐकू गेलं होतं."

"माझ्या आईची अंगठी सापडली," रोझलिंड म्हणाली. "आईनेच बागेत पाडली होती. एव्हरिलने घेतली नव्हती."

"आणि?"

"आणि मी म्हणाले होते तिने घेतली. ते खोटं होतं."

 जीनेटने बशीत पाहिलं, मग एव्हरिलकडे. "अगं, मला तर कधी पटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"पटलं नव्हतं, तरी प्रत्येक नव्या माणसाला सांगत होतीस," एव्हरिल म्हणाली. "हिला पण." आणि माझ्याकडे बोट केलं.

मग केशकर्तनालय. तिथे केसांच्या रंगासाठी डोक्याला चंदेरी कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या दोन बायका होत्या, त्या आरशातूनच बघत राहिल्या. चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या तिघी होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी "देवाची दया" असं काही म्हणायला लागली, तर एव्हरिलने तिला हाताने थांबवलं. शिपाई डनिंग आता निवृत्त, काचघरात टोमॅटो तोडत होता. रोझलिंडचं ऐकून घेतलं आणि मान हलवत म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं."

"तुला काहीच वाटलं नव्हतं," एव्हरिल म्हणाली. "तू माझ्या पिठात हात घातला होतास. ते पीठ मला टाकून द्यावं लागलं."

डनिंगने टोमॅटोंची टोपली खाली ठेवली. ती भरलेली टोपली पुढे करावी की नाही, हे त्याला कळेना. आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर रोझलिंड म्हणाली, "झालं ना आता?" तिचे ओठ पांढरे पडले होते. सत्तरीची बाई. मला क्षणभर तिची दया आली. मी तसं एव्हरिलच्या खांद्याला हात लावून सुचवून पाहिलं. तिने खांदा काढून घेतला.

"दफनभूमीत चल," ती म्हणाली.

नॉर्मनची कबर समुद्राकडच्या कोपऱ्यात आहे, साधा करडा दगड. तिथे वारा इतका होता की उभं राहवेना. रोझलिंड दगडासमोर उभी राहिली.

"काय म्हणू?"

"तेच. त्यालाही तू सांगितलं होतंस."

"मी नॉर्मनशी कधी बोललेही नाही."

"तुझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं. सांग."

रोझलिंडने सांगितलं. वाऱ्याने ते शब्द उडवून नेले, मला जेमतेम ऐकू आले.

"परत," एव्हरिल म्हणाली. "वेल्डिंगनं त्याचे कान गेले होते. मोठ्याने सांगावं लागायचं."

रोझलिंडने मोठ्याने सांगितलं. "एव्हरिलने अंगठी घेतली नव्हती." आणि मग ती रडायला लागली, तोंड न झाकता, लहान मुलासारखी. एव्हरिलने तिला रडू दिलं. जवळ गेली नाही, रुमाल दिला नाही, निघून जा असंही म्हणाली नाही. रडणं थांबल्यावर तिच्या हातात बशी ठेवली.

"तुझ्या आईची वस्तू आहे. मी काही ठेवून घेत नाही."

घरी आम्ही चालत आलो. मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"हो," ती म्हणाली. "खूप." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला वाटलं, मी नाही म्हणेन."

खरंच तसं वाटलं होतं मला. असल्या गोष्टींच्या शेवटी माणूस म्हणतो की हाती काही आलं नाही, सगळं पोकळ निघालं. एव्हरिलचं तसं झालं नाही. त्या रात्री तिने मटण आणि बटाटे भरलेली मोठी पेस्ट्री भाजली, मला अर्धी दिली आणि तिच्या खिडकीतून रेडिओचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

गावाला मात्र काय करावं कळेना. लोक तिच्या दारात केक ठेवून जायला लागले. तिने ते नेऊन कड्यावर समुद्रपक्ष्यांना घातले, दिवसाढवळ्या, वाटेवरून कुणी जात असेल तर मुद्दाम थांबून. जीनेटने अंड्यांचे पैसे नकोत म्हटलं. एव्हरिलने नाणी काउंटरवर एकेक करून ठेवली. "घे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, उचलून नेली."

गॅरेथने दोनदा येऊन माफी मागितली, आईच्या वतीने. एव्हरिलने त्याला आत बसवलं, चहा दिला, आजीच्या गोष्टी सांगितल्या. ॲडा गाणं कसं अर्धंच म्हणायची, मोजे उलटे घालून कसं हसायची. तो डोळे पुसत गेला. टॅमसिन आली नाही. एकदा दुकानाबाहेर समोरासमोर आल्या, तर ती रस्ता ओलांडून गेली. नाताळच्या आधी दोघं लँकेस्टरला राहायला गेली. गॅरेथ फोन करतो आईला, पण सुट्ट्यांना येत नाही.

"त्या पोरीचं वाईट वाटतं का गं?" मी भिंतीवरून विचारलं.

एव्हरिल कांद्याचे वाफे खुरपत होती. "तिला माझा राग आहे आणि तो बरोबर आहे. ठेवावा तिने. मी जाऊन तो काढून घेणार नाही."

"पण परत तसंच केलं असतंस?"

"चार दिवस मिळाले ते तिच्या रडण्यामुळे मिळाले. पहिल्या दिवशी दिली असती, तर संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं असतं." ती उठली, गुडघा चोळला. "हो. केलं असतं."

रोझलिंडने जत्रेची समिती सोडली. कॅराव्हॅनची वसाहत विकायला काढली आहे म्हणतात. दुकानात येत नाही, सामानाची गाडी जवळच्या हॉर्नसी शहरातून तिच्या दाराशी येते. दुपारी मात्र ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसते, कारण ऊन तिकडेच येतं.

एव्हरिल अजून लोकांच्या वस्तू शोधून देते. परवाच एका माणसाच्या गाडीची किल्ली तिने ओहोटीच्या चिखलातून काढली. किनाऱ्यावर उतरायला आमच्या घरामागून सरळ पायवाट आहे, पाच मिनिटांची. एव्हरिल त्या वाटेने जात नाही. ती यंत्र खांद्यावर टाकते आणि चर्चला वळसा घालून, रोझलिंडच्या खिडकीसमोरून, सावकाश जाते. येतानाही तशीच येते.